रॉय हॉजसन : नॉन-लीगचा खेळाडू ते इंग्लंडचे प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉल प्रशिक्षक रॉय हॉजसन यांचे नाव फुलहॅम, लिव्हरपूल किंवा इंग्लंडच्या संदर्भात निघाले की वाचकांकडून साधारण तेच प्रश्न येतात. त्यांतले बरेचसे त्यांच्या खेळाडू म्हणून झालेल्या कारकिर्दीविषयी असतात, कारण तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. येथे प्रश्न साध्याकडून किचकटाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉय हॉजसन कोण आहेत, थोडक्यात सांगाल का?

हॉजसन यांचा जन्म ९ ऑगस्ट १९४७ रोजी दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे एका बसचालकाच्या घरी झाला. खेळाडू म्हणून ते इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत, मात्र प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९७६ ते २०२४ या काळात आठ देशांत काम केले. स्वित्झर्लंड, संयुक्त अरब अमिराती, फिनलंड आणि इंग्लंड या चार राष्ट्रीय संघांची सूत्रे त्यांच्याकडे होती. क्लबांमध्ये हाल्मस्टाड, माल्मो, इंटर मिलान, कोपनहेगन, फुलहॅम, लिव्हरपूल आणि क्रिस्टल पॅलेस ही त्यांतली ठळक नावे होत.

२. नॉन-लीग म्हणजे नेमके काय? ते हौशी फुटबॉल असते का?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन श्रेणींचे ७२ असे एकूण ९२ क्लब ‘लीग’मध्ये मोडतात. पाचव्या श्रेणीपासून खाली जे काही आहे त्याला सरसकट नॉन-लीग म्हणतात. हॉजसन खेळत होते त्या काळी या दोन जगांमध्ये जवळजवळ भिंतच होती, कारण वरच्या लीगमध्ये प्रवेश गुणतक्त्यावर नव्हे तर सभासद क्लबांच्या मतदानावर ठरत असे. खालून वर थेट बढती मिळण्याची सोय १९८६-८७ च्या मोसमापासून झाली.

हौशी हा शब्द मात्र अर्धाच बरोबर आहे. नॉन-लीगमधील बरेच खेळाडू मानधन घेत, परंतु पोट भरण्यासाठी नोकरीही करत. संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना असे वेळापत्रक असे. मुंबईत कचेरीची नोकरी सांभाळून टाइम्स शील्ड खेळणारे क्रिकेटपटू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे जग अनोळखी वाटणार नाही. आज पाचव्या श्रेणीतील अनेक क्लब पूर्णवेळ व्यावसायिक आहेत, त्यामुळे ‘नॉन-लीग’ म्हणजे ‘अर्धवेळ’ असे समीकरण आता लावता येत नाही.

३. हॉजसन कोणकोणत्या क्लबांकडून खेळले?

१९६६ पासून टनब्रिज, मग ग्रेव्हझेंड अँड नॉर्थफ्लीट, मेडस्टोन युनायटेड आणि ॲशफर्ड टाउन हे केंट परगण्यातील चार क्लब, आणि दक्षिण आफ्रिकेतील एका मोसमानंतर (प्रश्न ५ पाहा) १९७६ पर्यंत दक्षिण लंडनचा कार्शाल्टन ॲथलेटिक, असा हा दहा वर्षांचा प्रवास आहे. केंटचे क्लब तेव्हा सदर्न लीगमध्ये खेळत, तर कार्शाल्टन इस्थमियन लीगमध्ये. नकाशावर पाहिले तर ही सगळी गावे क्रॉयडनपासून संध्याकाळच्या सरावाला जाऊन रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहेत. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट मानधनाइतकीच महत्त्वाची होती.

जुनी नावे शोधताना एक अडचण येते. ग्रेव्हझेंड अँड नॉर्थफ्लीट हा क्लब २००७ पासून एब्सफ्लीट युनायटेड या नावाने ओळखला जातो. मेडस्टोन युनायटेड १९८९ मध्ये लीगमध्ये पोहोचला आणि १९९२ मध्ये आर्थिक डबघाईमुळे बंद पडला. आज त्या नावाने खेळणारा संघ नंतर उभा राहिलेला आहे.

४. ते क्रिस्टल पॅलेसकडून खेळले होते, असे अनेक ठिकाणी वाचले. ते खरे का?

ते पॅलेसच्या युवा संघात होते, परंतु मुख्य संघातून त्यांना एकही सामना मिळाला नाही. पॅलेस हा त्यांच्या लहानपणापासूनचा स्थानिक क्लब असल्यामुळे आणि पुढे ते तिथेच प्रशिक्षक झाल्यामुळे (प्रश्न १५) ‘माजी खेळाडू’ हे बिरुद त्यांना सहज चिकटते. नोंदी पाहिल्या तर ते टिकत नाही.

५. दक्षिण आफ्रिकेत ते काय करत होते?

१९७३-७४ चा मोसम ते प्रिटोरियाच्या बेरिया पार्ककडून खेळले. हा क्लब वर्णभेदाच्या राजवटीतील, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या लीगमध्ये होता आणि दक्षिण आफ्रिकेवर त्या काळी आंतरराष्ट्रीय क्रीडाबहिष्कार होता. इंग्लंडच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाल्यावर हा विषय पुन्हा निघाला, तेव्हा आपण राजकारणासाठी नव्हे, केवळ पूर्णवेळ फुटबॉल खेळण्यासाठी गेलो होतो, अशी त्यांची भूमिका राहिली. नॉन-लीगमधल्या खेळाडूला पूर्णवेळ पगार देणारे क्लब घराजवळ नव्हते हे खरे, पण तेवढ्याने त्या निवडीवरची टीका गैरलागू ठरत नाही.

६. खेळाडू म्हणून नाव नसताना २८ व्या वर्षी स्वीडनच्या पहिल्या श्रेणीतील क्लब कसा मिळाला?

या प्रश्नाचे उत्तर बॉब हॉटन या नावात आहे. हॉटन आणि हॉजसन हे क्रॉयडनच्या जॉन रस्किन ग्रामर स्कूलचे विद्यार्थी. हॉटन फुलहॅममध्ये होते, पण मुख्य संघात त्यांना जागा मिळाली नाही. खेळाडू म्हणून फार पुढे जाता येणार नाही हे त्यांनी लवकर ओळखले आणि विशीतच हेस्टिंग्ज युनायटेड या नॉन-लीग क्लबचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. पुढे मेडस्टोनमध्ये हॉजसन त्यांचे साहाय्यक होते. १९७४ मध्ये हॉटन यांना अवघ्या २६ व्या वर्षी माल्मोने बोलावले आणि दोन वर्षांनी त्यांच्याच शिफारशीवरून हाल्मस्टाडने हॉजसन यांना नेमले.

ओळखीच्या जोरावर नोकरी मिळाली असे कोणी म्हटले तर ते चुकीचे नाही, परंतु पुरेसेही नाही. इंग्लिश फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षण संचालक ॲलन वेड यांनी त्या काळी प्रशिक्षकांसाठी पद्धतशीर अभ्यासक्रम उभा केला होता. मोठे खेळाडू त्याकडे पाठ फिरवत, कारण त्यांना आपल्या खेळाच्या पुण्याईवरच पद मिळणार असे. हॉटन आणि हॉजसन यांच्याकडे ती पुण्याई नव्हती, म्हणून त्यांनी तो अभ्यासक्रम विशीतच पुरा केला आणि तो मनापासून आत्मसात केला. निवृत्त होऊन पस्तिशीत प्रशिक्षणाकडे वळणाऱ्या नामवंत खेळाडूच्या तुलनेत त्यांना दहा वर्षांची आघाडी मिळाली. नॉन-लीगने हॉजसन यांना काय दिले, याचे माझ्या मते हेच खरे उत्तर आहे.

७. स्वीडनमध्ये त्यांनी असे काय वेगळे शिकवले?

तेव्हा स्वीडनमध्ये पश्चिम जर्मनीच्या धर्तीवर खेळाडूमागे खेळाडू लावण्याची आणि सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवण्याची पद्धत रूढ होती. हॉटन आणि हॉजसन यांनी चार बचावपटू एका ओळीत उभे केले. प्रत्येकाने माणूस नव्हे तर आपली जागा राखायची, बचावफळी पुढे सरकवायची, मधल्या चौघांनी तिच्याशी अंतर वाढू द्यायचे नाही आणि चेंडू गमावताच सगळ्या संघाने एकदम दबाव आणायचा, अशी ही ४-४-२ ची रचना होती.

सराव कंटाळवाणा असे, हे त्यांचे खेळाडूही नाकारत नाहीत. अकरा जणांना मैदानावर उभे करून चेंडू डावीकडून उजवीकडे फिरवला जाई आणि चेंडूसोबत अख्खी रचना सरकली पाहिजे असा आग्रह असे. एखादा दोन पावले मागे राहिला की खेळ थांबे, त्याला दंडाला धरून योग्य जागी आणले जाई आणि तीच हालचाल पुन्हा सुरू होई. पुढे तीस वर्षांनी फुलहॅममध्येही सरावाचा गाभा हाच होता.

परिणाम लगेच दिसला. आदल्या मोसमात घसरणीतून, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्यातून, थोडक्यात वाचलेला हाल्मस्टाड १९७६ मध्ये विजेता झाला. हॉटन यांचा माल्मो १९७९ मध्ये म्युनिकला युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात पोहोचला आणि ट्रेव्हर फ्रान्सिस यांच्या एकमेव गोलामुळे नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून हरला. या यांत्रिक खेळाने कल्पकता मारली जाते, अशी टीका स्वीडिश फुटबॉल संघटनेतून होत राहिली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. वादाचा निकाल बहुधा गोथेनबर्गने लावला. या दोघांच्या विचारांचा प्रभाव असलेले, आणि स्वतःही खेळाडू म्हणून बेताचेच असलेले स्वेन-योरान एरिक्सन यांनी १९८२ मध्ये त्या क्लबला युएफा कप जिंकून दिला.

८. त्यांनी स्वीडनची अजिंक्यपदे चार जिंकली की सात? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

दोन्ही आकड्यांना आधार आहे. लीगच्या गुणतक्त्यात त्यांचे संघ सात वेळा पहिले आले, १९७६ आणि १९७९ मध्ये हाल्मस्टाड आणि १९८५ ते १९८९ अशी सलग पाच वर्षे माल्मो. परंतु माल्मोच्या त्या पाच वर्षांत अजिंक्यपद गुणतक्त्यावरून नव्हे, तर लीगनंतरच्या बाद फेरीवरून ठरत असे. ती बाद फेरी माल्मोने १९८६ आणि १९८८ मध्ये जिंकली, म्हणून अधिकृत अजिंक्यपदे चारच. ज्याला आठवडेमागून आठवडे टिकणाऱ्या सातत्याचे मोल वाटते त्याने सात म्हणावे, पण नोंद करताना चार लिहावे.

९. या यशानंतर इंग्लंडमध्ये त्यांना लगेच संधी का मिळाली नाही?

मिळाली होती, पण ती धड संधी नव्हती. हॉटन १९८० मध्ये ब्रिस्टल सिटीला गेले आणि हॉजसन त्यांचे साहाय्यक झाले. क्लब सलग तीन मोसमांत तीन श्रेणी खाली घसरला आणि दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. १९८२ च्या फेब्रुवारीत क्लब वाचावा म्हणून आठ खेळाडूंनी आपले करार रद्द करू दिले. हॉटन गेल्यावर हॉजसन यांनी काही महिने हा डोलारा सांभाळला आणि मग ते स्वीडनला परतले. इंग्लंडमध्ये त्यांना पुढचे काम १९९७ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने दिले. तिथे पहिल्या मोसमात सहावा क्रमांक आला आणि दुसऱ्या मोसमात, नोव्हेंबर १९९८ मध्ये, संघ तळाशी असताना त्यांना काढण्यात आले.

१०. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना इतका मान का आहे?

न्युशातेल झामॅक्सहून १९९२ मध्ये ते स्विस राष्ट्रीय संघाकडे आले तेव्हा हा संघ १९६६ नंतर एकाही विश्वचषकात खेळलेला नव्हता. हॉजसन यांच्या संघाने पात्रता फेरीत बर्नला इटलीला १-० ने हरवले, १९९४ चा विश्वचषक गाठला आणि तिथे रोमेनियावर ४-१ असा विजय मिळवून बाद फेरीत प्रवेश केला. स्पेनने त्यांना तिथे रोखले. १९९६ च्या युरो स्पर्धेसाठीही संघ पात्र ठरला, पण स्पर्धा सुरू होईपर्यंत हॉजसन इंटर मिलानला गेले होते. इंटरनेही त्यांना उगाच निवडले नव्हते, कारण १९८९ मध्ये इटलीच्या अजिंक्य इंटरला युरोपियन कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर काढणारा माल्मो त्यांचाच होता.

११. रॉबर्तो कार्लोसला इंटरमधून घालवणारे प्रशिक्षक हेच का?

होय, आणि हा दोष त्यांच्या खात्यावर कायमचा लागला आहे. ब्राझीलचे डावे बचावपटू कार्लोस यांना बचावफळीपुढे खेळवले गेले, ते त्यांना पटले नाही आणि १९९६ मध्ये ते रेआल माद्रिदला गेले. पुढे तिथे ते जगातील सर्वांत नामवंत डाव्या बचावपटूंपैकी एक ठरले. दुसऱ्या बाजूला, हॉजसन यांनी इंटरला सातव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आणि १९९७ च्या युएफा कप अंतिम फेरीपर्यंत नेले. तिथे दोन्ही सामन्यांत मिळून बरोबरी झाली आणि शाल्कने सॅन सिरोवर पेनल्टी शूटआउटमध्ये बाजी मारली.

१२. फिनलंडच्या सामन्यात घुबड उतरल्याचा किस्सा खरा आहे का?

खरा आहे. ६ जून २००७ रोजी हेलसिंकीत बेल्जियमविरुद्ध युरो पात्रतेचा सामना सुरू असताना एक भलेमोठे घुबड मैदानात उतरले, एका गोलपोस्टवरून दुसऱ्यावर जाऊन बसले आणि खेळ काही मिनिटे थांबला. फिनलंडने सामना २-० ने जिंकला, घुबडाचे ‘बुबी’ असे नाव पडले आणि राष्ट्रीय संघालाही घुबडांचेच टोपणनाव मिळाले. संघाचे प्रशिक्षक हॉजसन होते. त्यांचा संघ युरो २००८ ची पात्रता शेवटच्या सामन्यात हुकला. पोर्तुगालमध्ये विजय हवा होता, बरोबरी झाली.

१३. फुलहॅममधील कामगिरीला एवढे महत्त्व का दिले जाते?

डिसेंबर २००७ मध्ये ते आले तेव्हा फुलहॅम घसरणीच्या वाटेवर होता. २६ एप्रिल २००८ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला संघ ०-२ ने मागे होता आणि इतर मैदानांवरचे आकडे पाहता फुलहॅम खाली गेल्यातच जमा होता. तो सामना ३-२ ने जिंकला. मग बर्मिंगहॅमला हरवले आणि शेवटच्या दिवशी पोर्ट्समथमध्ये डॅनी मर्फी यांच्या हेडरवर १-० असा विजय मिळाला. फुलहॅम आणि रेडिंग या दोघांचेही गुण ३६ झाले आणि गोलफरकावर फुलहॅम वाचला. पुढच्याच मोसमात हा संघ सातवा आला, ही क्लबच्या इतिहासातील सर्वोत्तम कामगिरी होती.

त्यातून युरोपा लीगचे दार उघडले. जुलै २००९ मधील पात्रता फेरीपासून सुरुवात करून फुलहॅमने गतविजेता शाख्तार, युव्हेंटस, जर्मनीचा विजेता वोल्फ्सबर्ग आणि हॅम्बर्ग यांना बाहेर काढले. युव्हेंटसविरुद्धचा सामना आजही काढून पाहावा असा आहे. पहिला सामना १-३ ने गमावलेला, परतीच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला त्रेझेगेचा गोल, म्हणजे तीन गोलांची पिछाडी. तिथून झमोरा, गेराचे दोन आणि क्लिंट डेम्प्सीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद टाकलेला चौथा गोल. अंतिम सामन्यात ॲटलेटिको माद्रिदच्या फोर्लानने जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला निर्णायक गोल केला. त्या वर्षी इंग्लंडमधील प्रशिक्षकांच्या संघटनेने हॉजसन यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक निवडले.

१४. मग लिव्हरपूलमध्ये ते सहा महिनेही पूर्ण का टिकले नाहीत?

टिकले, पण जेमतेम. १ जुलै २०१० ला नेमणूक आणि ८ जानेवारी २०११ ला निरोप. क्लबचे जुने मालक कर्जात बुडालेले होते, ऑक्टोबरमध्ये मालकी बदलली आणि नव्या मालकांनी हा प्रशिक्षक निवडलेला नव्हता. तरीही सगळा दोष परिस्थितीवर ढकलता येत नाही. चौथ्या श्रेणीतील नॉर्थॅम्प्टन टाउनने त्यांच्या संघाला लिव्हरपूलच्याच मैदानावर लीग कपमधून बाहेर काढले आणि ब्लॅकपूलही तिथे येऊन जिंकून गेला. प्रतिस्पर्ध्याला जागा न देण्याची त्यांची रचना दुबळ्या संघाला ताकद देते. जिथे प्रेक्षकांना चेंडू आपल्याकडेच हवा असतो, तिथे तीच रचना भित्री दिसते. महिन्याभरात ते वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला गेले, संघाला ११ व्या आणि पुढे १० व्या क्रमांकावर नेले, आणि १ मे २०१२ रोजी इंग्लंडचे प्रशिक्षक झाले.

१५. वयाच्या सत्तरीत क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी काय केले?

सप्टेंबर २०१७ मध्ये ते रुजू झाले तेव्हा पॅलेस पहिले चार सामने एकही गोल न करता हरला होता. त्यांच्या हाताखाली आणखी तीन तसेच हरला. अशी सुरुवात करणाऱ्या संघाने मोसमाअखेर ४४ गुणांसह ११ वा क्रमांक मिळवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बॉबी रॉब्सन यांना मागे टाकून ते प्रीमियर लीगचे सर्वांत वयस्कर प्रशिक्षक ठरले. २०२१ मध्ये त्यांनी पॅलेस सोडला, २०२२ मध्ये वॉटफर्डची घसरण त्यांना थांबवता आली नाही, मार्च २०२३ मध्ये ते पॅलेसला परतले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरावादरम्यान प्रकृती बिघडल्यानंतर काही दिवसांतच, ७६ व्या वर्षी पायउतार झाले.

१६. इंग्लंडचे प्रशिक्षक म्हणून ते यशस्वी की अपयशी?

आकडे त्यांच्या बाजूने आहेत: ५६ सामन्यांत ३३ विजय, १५ बरोबरी आणि केवळ ८ पराभव. युरो २०१६ च्या पात्रता फेरीत तर दहापैकी दहा सामने जिंकले. मोठ्या स्पर्धांतली कहाणी मात्र वेगळी आहे. युरो २०१२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत इटलीकडून शूटआउटमध्ये हार झाली, आणि २०१४ च्या विश्वचषकात संघ साखळीतच गारद झाला, जे इंग्लंडच्या बाबतीत १९५८ नंतर प्रथमच घडत होते.

युरो २०१६ मध्ये स्लोव्हाकियाविरुद्ध त्यांनी संघात सहा बदल केले, सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि गटात दुसरे आल्यामुळे गाठ आइसलंडशी पडली. नीसमध्ये चौथ्या मिनिटाला रूनीच्या पेनल्टीवर आघाडी मिळाली, अठराव्या मिनिटापर्यंत इंग्लंड १-२ ने मागे होता आणि मग बरोबरीही साधता आली नाही. सामन्यानंतर लगेचच हॉजसन यांनी राजीनामा वाचून दाखवला. आइसलंडच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, लार्स लागरबेक, हे स्वीडनचे. प्रश्न ७ मध्ये वर्णिलेल्या शिस्तीतच तिथल्या प्रशिक्षकांची ती पिढी घडली होती. दोन घट्ट ओळींच्या बचावापुढे चाचपडताना त्या रात्री इंग्लंड दिसला.

१७. भारताला प्रशिक्षण देणारे बॉब हॉटन ते हेच का? हॉजसन कधी भारतात होते का?

हॉटन तेच, प्रश्न ६ मधले. हॉजसन यांनी भारतीय संघासोबत कधी काम केलेले नाही. दोघांची नावे जोडीने येत असल्यामुळे हा गोंधळ होतो. हॉटन २००६ ते २०११ भारताचे प्रशिक्षक होते. २००७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एन. पी. प्रदीप यांच्या गोलाने सीरियाला हरवून भारताने पहिल्यांदा नेहरू चषक जिंकला, आणि २००९ मध्ये तो पुन्हा जिंकला. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्री यांच्या हॅटट्रिकसह ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय मिळाला आणि २७ वर्षांनी आशियाई चषकाचे, २०११ च्या स्पर्धेचे, तिकीट हाती आले. दोहामध्ये ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध तिन्ही सामने भारत हरला.

गोवा आणि मुंबईच्या वाचकांना तो संघ आठवत असेल. बचावात गोव्याचे महेश गवळी, मध्यफळीत गोव्याचेच क्लायमॅक्स लॉरेन्स आणि मुंबईचे स्टीव्हन डायस. अफगाणिस्तानविरुद्ध लॉरेन्स यांनी अगदी अखेरच्या क्षणी केलेला गोल नसता तर त्या चॅलेंज कपची वाट अवघड झाली असती. ऑक्टोबर २००७ मध्ये मडगावला झालेल्या लेबनॉनविरुद्धच्या विश्वचषक पात्रतेच्या २-२ अशा सामन्यात मात्र परदेशातील १-४ ची पिछाडी भरून निघाली नाही.

१८. आजच्या काळात नॉन-लीगचा खेळाडू अशी कारकीर्द घडवू शकेल का?

होऊ शकते, उदाहरणेही आहेत. डॅनी काउली हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, नॉन-लीगमधले खेळाडू आणि मग प्रशिक्षक. त्यांच्या लिंकन सिटीने २०१७ मध्ये पाचव्या श्रेणीत असताना बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवून एफए कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली, जे शंभरहून अधिक वर्षांत कोणत्याही नॉन-लीग क्लबला जमले नव्हते. त्याच मोसमात त्यांनी क्लबला लीगमध्ये परतही नेले.

फरक आहे तो प्रवेशाच्या अटींचा. युरोपातील पहिल्या श्रेणीच्या क्लबाचे प्रमुख प्रशिक्षकपद घ्यायचे तर आता युएफाचा प्रो परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी पायरीपायरीने परवाने घ्यावे लागतात, जागा मोजक्या असतात आणि खर्चही बराच येतो. २८ व्या वर्षी मित्राच्या शिफारशीवर थेट पहिल्या श्रेणीत जाण्याचा हॉजसन यांचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला आहे. काउली यांच्यासारखा, खालच्या श्रेणीतून संघासोबतच वर चढण्याचा मार्ग उघडा आहे.